माळवस्तीचा दरडोई आहार

माझ्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण लोक आजही आवडीने वाचतात. ‘एकच माती, एकच पाऊस, दोन वस्त्या’ असं त्याचं नाव. परीक्षकांनी ते डोक्यावर घेतलं, त्याच्या जोरावर मला पुण्याच्या एका कॉलेजात नोकरी लागली, आणि नोकरीच्या जोरावर मालतीच्या वडिलांनी मला मुलगी दिली. त्या प्रकरणातला माळवस्तीचा एकूण एक आकडा मी स्वतःच्या हाताने तोलून लिहिलेला आहे. तोलण्यात तोळ्याचीही चूक नाही. तरीही त्यात खरं असं काही नाही, आणि हे मला पाहणीच्या सहाव्या दिवशीच कळलं होतं.

साल सांगत नाही. एकोणीसशे तीसच्या दशकातलं आहे एवढं पुरे. साल सांगितलं की कुणीतरी शहाणा ग्रंथालयात जाऊन प्रबंध हुडकून काढील. वस्त्यांची नावंही बदलली आहेत. मला कमलाकर म्हणा, आडनावाची उठाठेव नको.

त्या वर्षी सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या कोरड्या मुलखात परतीचा पाऊस लागोपाठ दुसऱ्यांदा चुकला होता. माघ उजाडला तरी ज्वारी गुडघ्याच्या वर आली नव्हती, आणि आली तिला कणीस नव्हतं. सरकारने दुष्काळी काम काढायचं ठरवलं. एका तळ्याचा बांध घालायचा, खडी फोडायची, आणि कामावर येईल त्याला रोजचं धान्य द्यायचं. पण काम एवढंसं आणि माणसं उदंड. कुठल्या वस्त्यांना कामावर घ्यायचं आणि कुठल्या सोडायच्या, हे काही ठरेना. तेव्हा आमचे प्रोफेसर वेणीमाधवराव पुढे सरसावले. जिल्ह्याच्या राहणीमानाचा अभ्यास करायला ते पुण्याहून सोलापुरात येऊन एका वकिलाकडे राहिले होते. मी त्यांचा विद्यार्थी. त्यांनी कलेक्टर साहेबाला पटवलं की पाटील-तलाठ्याच्या तोंडी अंदाजावर विसंबू नका. “माणसाच्या पोटात रोज किती जातं ते आम्ही तोलून देतो. ज्या वस्तीचं पोट रिकामं, तिला काम द्या.” साहेबाला हे फार शास्त्रीय वाटलं. होतंच ते शास्त्रीय.

म्हणजे माझ्या तराजूत काय भरतं त्यावर एखादी वस्ती उन्हाळा काढणार की नाही, हे ठरणार होतं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. मला याची भीती वाटायला हवी होती. मला अभिमान वाटला.

प्रोफेसरांनी आम्हाला छापील सूचना दिल्या होत्या, एकंदर अकरा. सातवी मला अजून तोंडपाठ आहे: ‘पाहणीचा हेतू कुटुंबास कोणत्याही परिस्थितीत सांगू नये. हेतू कळल्यास मनुष्य खोटे बोलतो.’ माझ्या जोडीला सिद्धाराम म्हणून एक होता, अक्कलकोटकडचा, घरी कानडी बोलणारा, अभ्यासात सुमार आणि माणसांत रमणारा. त्याने सूचनांच्या कागदात चिवडा बांधून घेतला. त्याच्या वाट्याला शिंगेवस्ती आली आणि माझ्या वाट्याला माळवस्ती. दोन्ही धनगरांच्या, दोन्ही नातेपुत्यापासून तीन-साडेतीन कोसांवर, मध्ये एक ओढा.

माळवस्तीत बारा घरं होती आणि बहात्तर माणसं. वस्तीचा म्होरक्या तात्याबा, साठीचा, काठीसारखा वाळलेला पण ताठ. त्याची बायको बनाबाई. मुलगा उरलीसुरली चाळीस मेंढरं घेऊन कानडी मुलखात चारा शोधत गेला होता, आणि सून मायाक्का दोन पोरांना घेऊन घरी होती. मी बिरोबाच्या देवळात पथारी टाकली, तीन दगडांची चूल मांडली आणि माझी खिचडी मी शिजवू लागलो. पहिल्या सकाळी तराजू घेऊन तात्याबाच्या दारात उभा राहिलो तेव्हा बनाबाईने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“मास्तर, तुमी आमच्यात जेवणार न्हाय, ते आमाला ठावं हाय,” ती म्हणाली. “जेवणार न्हाय ते न्हाय, निदान बगा तरी. आमच्या घरात पावण्यानं रिकामी दुरडी बगितली न्हाय अजून.”

मायाक्काने दुरडी पुढे सरकवली. पांढरा, टपोरा जोंधळा. मला पाहूनच बरं वाटलं. दळायला काढलेलं धान्य दळण्याआधी तोलायचं, घरात खाणारी तोंडं किती ते लिहायचं, आणि पुढच्या दारात जायचं, अशी रीत होती. उगवतीला तात्याबाचं घर, आणि ऊन चढेपर्यंत बारावं. सगळीकडे जोंधळा निघाला. कुणाच्या दुरडीत सहा शेर, कुणाच्या तीन, घर पाहून. तीन दिवसांत माझा हिशेब लागला: दरडोई रोज दीड पौंड धान्य. खाऊनपिऊन सुखी माणसं!

पोरांचे हातपाय काड्यांसारखे होते आणि पोटं पुढे आली होती, हे मी पाहिलं होतं. आंधळा नव्हतो. पण पोरांच्या हातापायांसाठी तक्त्यात रकाना नव्हता. मायाक्काची धाकटी दीड वर्षाची होती आणि अजून बसत नव्हती. मी तिला ‘अर्धे माणूस’ म्हणून धरलं, कारण पाच वर्षांखालच्यांना तसंच धरायचं होतं.

पाचव्या दिवशी पहाटे मला जाग आली आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. कुत्री भुंकत होती, कुठे उखळात काही कांडल्याचा आवाज येत होता. मग लक्षात आलं. जातं वाजत नव्हतं. आमच्या माढ्याच्या घरी मी लहानपणापासून पहाटे जात्याच्या घरघरीवरच जागा होत आलो. बारा घरं असलेल्या, रोज मण-दीड मण जोंधळा दळणाऱ्या वस्तीत पाच दिवस एकही जातं फिरलेलं नव्हतं. मी अंथरुणावर उठून बसलो. माझं दीड पौंड धान्य हे लोक कच्चंच खात होते की काय?

मी संशोधक होतो, तेव्हा विचारण्याऐवजी प्रयोग केला. माझ्याकडे एक जांभळी पेन्सिल होती, ओली केली की शाईसारखी उमटणारी. सहाव्या दिवशी सकाळी जोंधळ्याचे पाच दाणे जिभेने ओले करून जांभळे केले, आणि तात्याबाकडे वजन करता करता दुरडीत सोडून दिले. मग मुद्दाम सावकाश गेलो. दुसऱ्या घरी त्यातले चार सापडले. पाचव्या घरी चार. बाराव्या घरी तीन. मी वर पाहिलं तर कुंपणाच्या पलीकडून दोन बाया पदराखाली काहीतरी झाकून लगबगीने निघाल्या होत्या.

एकच दुरडी. माझ्यापुढे एक घर चालत, सहा दिवस. मला आधी हसू आलं, खोटं कशाला बोलू. असला बनाव नाटक कंपनीलाही साधला नसता. कुठे किती ओतायचं, कुठे किती काढायचं, सगळं त्या बायांना पाठ होतं. आणि मग राग आला. मी शिकलेला माणूस, आणि या मेंढरं राखणाऱ्या बायांनी मला सहा दिवस वेड्यात काढलं.

दुपारी मी तात्याबाला गाठलं. तो वाघर दुरुस्त करत बसला होता. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची दोऱ्याची जाळी. कोंडायला मेंढरं नव्हती, पण हाताला सवय.

“तात्याबा, वस्तीत जोंधळा आहे तरी किती?”

“तुमी रोज तोलताय की.”

“मी तोच जोंधळा बारा वेळा तोलतोय. आज त्यात खुणेचे दाणे टाकले होते.”

म्हाताऱ्याने हातातली गाठ आवळली. मग म्हणाला, “हाय त्यो येवडाच हाय. तुकडाभर माळ हाय, त्यात पेरायला ठिवलेला. त्याला हात लावायचा न्हाय.”

“मग खाता काय?”

“चिंचोकं. भाजायचं, कांडायचं, शिजवायचं. हुलग्याचं माडगं व्हतं, ते संक्रांतीलाच सरलं. पोरांना जरा तरवडाचा पाला उकडून देतो. पोट दुकतं, पर भरतं.”

“आणि मला हे सोंग कशाला?”

तात्याबाने जाळी खाली ठेवली. “मास्तर, मेंढरं आमची, पर रान दुसऱ्याचं. सुगी झाली की कुणबी बलावतो. त्याच्या रानात वाघर लावायची आन मेंढरं बसवायची. लेंडीखत त्याला, दाणं आमाला. त्येच्यावर आमचं साल निगतं. आता तुमी वहीत लिवणार, माळवस्ती उपाशी हाय. उद्या नातेपुत्याच्या बाजारात समद्यांस्नी कळंल. उपाशी धनगराला रानात कोन उतरू देतो? रातचं कणसं खुडतील म्हंत्यात. एका सालाची भूक सोसंल, पर नाव गेलं की कायमची भाकर गेली.”

“सुनंनं डोकं काडलं ह्ये. समद्या बाया एक झाल्या. तुमी कुनाला सांगू नगा मास्तर. बिरोबाची आन हाय तुमाला.”

आता इथे काय झालं ते नीट सांगतो, कारण पुढचं सगळं इथेच झालं. ‘तात्याबा, उपाशी लिहिलं तरच तुम्हाला काम मिळणार आहे’ एवढं एकच वाक्य मला बोलायचं होतं. ते माझ्या जिभेवर आलं होतं. पण ते बोललो असतो तर सातवी सूचना मोडली असती, सहा दिवसांचं वजन रद्द झालं असतं, पुन्हा पहिल्यापासून पाहणी करावी लागली असती, आणि प्रबंध द्यायची तारीख होती मार्चची अखेर. ती चुकली तर पुण्याची जागा दुसऱ्याला जाणार होती. शिवाय राग होताच. घ्या, तुम्हाला भरलेली दुरडी लिहून हवी ना? घ्या लिहून.

“बरं,” मी म्हणालो. “नाही सांगत कुणाला.”

म्हातारा माझ्या पाया पडला. मी त्याला पडू दिलं.

सातव्या दिवशी मी पुन्हा बारा घरं फिरलो आणि पुन्हा तोललं. दुरडीत जांभळे दाणे तसेच होते. मायाक्काने ते पाहिले, माझ्याकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून हसली. मीही गंभीरपणे आकडा लिहिला. आमच्या दोघांत काहीतरी ठरल्यासारखं झालं होतं. काय ठरलं याविषयी आमच्या समजुती वेगवेगळ्या होत्या.

सोलापुरात नवी पेठेत एका कापडवाल्याच्या दुकानावर आमची खोली होती. खाली दिवसभर गज सरकायचे, थानं उलगडायची, दुकानदार तेलुगूत आणि दखनीत घासाघीस करायचे, आणि वर आम्ही दोघं तक्ते करत बसायचो. सिद्धारामने त्याचा तक्ता माझ्यापुढे टाकला. शिंगेवस्ती: दरडोई रोज अर्धा पौंड.

“इतकं कमी?” मी विचारलं.

“ऐक की. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. म्हटलं, बायांनो, हे सगळं कामासाठी चाललंय, रिकामं दिसलं तर काम मिळेल. दोन तासांत समदं धान्य जमिनीखालच्या पेवात गेलं की.” तो हसला, आणि मग हसायचं थांबला. “म्हणजे उपाशी तेही आहेत रे. माळवस्तीपेक्षा जरा बरे. तुझं किती निघालं?”

मी सांगितलं. त्याने माझा तक्ता ओढून घेतला. “दीड पौंड? मी ओढ्यावरनं तुझ्या वस्तीची पोरं पाहिलीत, कमलाकर.”

“मी तोललंय,” मी म्हणालो.

प्रोफेसरांनी दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांचा चेहरा उजळला. “अरे, ही तर सोन्याची खाण आहे! माती तीच, पाऊस तोच, जात तीच. एक वस्ती भीक मागायच्या बेतात आणि दुसरी पोटभर खाते. का? काटकसर! माळवस्तीने चांगल्या सालात शिल्लक टाकली. म्हणजे या भागाचं दुखणं पावसाचं नाही, स्वभावाचं आहे. कमलाकर, तुझं पाचवं प्रकरण तयार झालं.”

मी चाचरत म्हणालो, “सर, माळवस्तीच्या आकड्यांबद्दल मला थोडी शंका आहे. त्यांनी मला दाखवायला म्हणून...”

“वजन तू स्वतः केलंस?”

“हो.”

“काट्यात खोट होती?”

“नाही.”

“मग शंका घरी ठेव. शंकेचा तक्ता होत नाही.”

माझं तोंड कुणी दाबलं नव्हतं. मी पुढचं वाक्य बोलू शकलो असतो. प्रोफेसर चिडले असते, एवढंच. मी गप्प बसलो आणि पाचवं प्रकरण लिहायला घेतलं. लिहिताना मजा आली, हेही कबूल करतो. माळवस्तीच्या स्त्रियांच्या दूरदृष्टीवर मी दोन पानं लिहिली. त्याच आठवड्यात कचेरीत यादी गेली. शिंगेवस्ती आत, माळवस्ती बाहेर.

प्रबंध मार्चच्या अखेरीला मुंबईला रवाना झाला. पुढे आठ-दहा दिवसांनी, चैत्राच्या उन्हात, कचेरीने मला कामावर पाठवलं. यादीबाहेरचे लोक घुसत होते, तेव्हा पाहणी करणारा माणूस जागेवर असलेला बरा, असं साहेबाचं म्हणणं. मला त्यात मान वाटला. बांधावर छपराखाली टेबल होतं, यादी घेऊन एक कारकून बसायचा, आणि समोर शिंगेवस्तीची माणसं खडी फोडत असायची. संध्याकाळी त्यांना धान्य मिळायचं. त्यांची पोरं ढिगाऱ्यावर खेळत होती, आणि महिन्याभरात त्यांच्या गालावर जरा मांस आलं होतं.

तिसऱ्या दिवशी माळवस्तीची माणसं आली. पंचवीस-तीस होती. लांबून मी ओळखलं नाही. तात्याबाला दोन्हीकडून धरून चालवत आणलं होतं. मायाक्काच्या कडेवर धाकटी होती, मान टाकलेली, आणि मोठा पोरगा पदराला धरून. बनाबाई दिसली नाही. मी विचारलं नाही. मागाहून कळलं की ती पंधरा दिवसांपूर्वी गेली होती. पेरणीचा जोंधळा शेवटी खाल्लाच होता, पण म्हातारीने त्यातला घास घेतला नाही.

कारकुनाने यादीवरून बोट फिरवलं. “माळवस्ती? नाव नाही.”

“न्हाय कसं?” तात्याबा म्हणाला. “आमच्यातबी मोजणी झाली की. हे मास्तर आलं व्हतं.”

“मोजणी झाली म्हणूनच नाव नाही. तुम्ही दीड पौंड खाता रोज. ही यादी उपाशी लोकांची आहे.”

मी त्यांचे चेहरे पाहिले. काय झालं ते त्यांना कळायला थोडा वेळ लागला. आपण सात दिवस जिवाचा आटापिटा करून ज्या भुकेवर पांघरूण घातलं, काम मिळायला तीच दाखवायला हवी होती, हे तात्याबाला आधी कळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि बोलण्यासाठी तोंड उघडलं. तेवढ्यात त्याची नजर पलीकडे गेली. खडीसाठी गाड्या पुरवणारा नातेपुत्याकडचा एक बागाईतदार तिथे उभा होता. दर सुगीला माळवस्तीची मेंढरं त्याच्याच रानात बसायची. तात्याबाने तोंड मिटलं.

मग मायाक्का पुढे आली. पोरीला तिने दुसऱ्या कडेवर घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

“मास्तर, सांगा की ह्यांना. आमी खोटं दाकवलं व्हतं. बारा घरांत येकच दुरडी फिरत व्हती. आमी चिंचोकं खात व्हतो, आन आता चिंचोकंबी न्हाईत.”

बागाईतदार हसला. “असं व्हय, तात्याबा? उपाशी व्हता आन माझ्या रानाचं इचारायला आला व्हतास?”

तात्याबा खाली बसला. मायाक्काने तिकडे पाहिलंही नाही. ती माझ्याकडेच पाहत होती.

“तुमी जांबळं दाणं टाकलं, ते आमी बगितलं व्हतं,” ती म्हणाली. “सासू म्हनली, निवडून काडा. मी म्हनलं, नगं. मास्तराला कळलंय, आन कळूनबी त्यो गप हाय. म्हंजी त्यो आपल्यातलाच हाय.”

कारकून भला माणूस होता. मला आजही त्याचं नाव आठवत नाही, आणि त्याची मला लाज वाटते. त्याने दौत माझ्याकडे सरकवली. “कमलाकरराव, ही बाई म्हणते ते खरं असेल तर दोन ओळी लिहून द्या. तुमच्या सहीवर मी आत्ता नावं घालतो. संध्याकाळपासून धान्य सुरू.”

दोन ओळी. माझा प्रबंध मुंबईला परीक्षकांच्या टेबलावर होता. त्या दोन ओळी म्हणजे पाचवं प्रकरण खोटं, आणि पाचवं प्रकरण खोटं तर बाकीचं कोण वाचतो? पुण्याची जागा, मालती, प्रोफेसरांचं नाव, सगळं डोळ्यांपुढून गेलं. धाकटी पोर मायाक्काच्या खांद्यावर होती, तिचे डोळे उघडे होते आणि ती रडत नव्हती. हेही मी पाहिलं. पाहिलं नाही असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

“वजन मी स्वतः केलंय,” मी म्हणालो. “काट्यात खोट नव्हती.”

कारकुनाने दौत परत घेतली.

मायाक्का ओरडली नाही, तिने शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती जवळ आली आणि हळू आवाजात, खरोखरच कळत नसल्यासारखं विचारलं, “आमी तुमचं काय वाईट केलं व्हतं, मास्तर?”

मी यादी चाळू लागलो. ती माणसं उन्हं कलेपर्यंत लिंबाखाली बसून राहिली. शिंगेवस्तीच्या एका बाईने त्यांना आपल्यातल्या भाकरी नेऊन दिल्या, तर मुकादम तिच्यावर खेकसला. मग तात्याबाला उचलून ती निघाली. त्या दिवसानंतर आणखी दोनदा आली म्हणतात. मी तोवर सोलापूरला परत आलो होतो. ऊन बाधतं म्हणून रजा घेतली होती.

सुगीला बागाईतदाराने दुसऱ्या धनगरांना बोलावलं. पण त्याला फार उशीर होता, तोवर माळवस्तीत वाघर लावायला कुणी धड उरलं नव्हतं. धाकटी पोर वैशाखात गेली, मायाक्का तिच्यानंतर दोन दिवसांनी. तात्याबा घरी पोचलाच नव्हता. हे मला सिद्धारामकडून कळलं. तो स्वतःहून तिकडे जाऊन आला, घरोघर विचारून त्याने एक कागद भरला आणि तो मला पुण्याच्या पत्त्यावर पाठवला. त्यावर एकवीस नावं होती, प्रत्येक नावापुढे वय. पत्र नव्हतं, सही नव्हती. पुढे तो अक्कलकोटला शाळामास्तर झाला आणि मी समोर आलो की रस्ता ओलांडायचा.

दुसऱ्या वर्षी प्रबंधाचं पुस्तक निघायचं ठरलं. पुस्तक काढणाऱ्या संस्थेचे संपादक बारीक नजरेचे होते. पाचव्या प्रकरणाच्या समासात त्यांनी तांबड्या शाईने विचारलं: ‘आपल्या तक्त्यात माळवस्तीची माणसे बहात्तर. तलाठ्याच्या आषाढातील यादीत एक्कावन्न. फरक कशामुळे?’

मी सिद्धारामचा कागद पुढे ठेवला आणि एकवीस नावं वरपासून खालपर्यंत वाचली. त्यात मायाक्काच्या पोरीचं नाव मला पहिल्यांदाच कळलं: चंद्रव्वा. सात दिवस मी तिला अर्धं माणूस म्हणून लिहीत होतो, नाव विचारलं नव्हतं. मग टाक घेतला आणि पानाच्या तळाशी टीप लिहिली: ‘स्थलांतर.’

संपादकांचं समाधान झालं. टीप तशीच छापली आहे.